वेस्नॉथच्या सुरुवातीच्या प्रकरणांतच अडकताय? या चुका टाळा

सांगलीत वाढलेल्या माणसाला पटाची ओळख करून द्यावी लागत नाही. भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळामुळे बुद्धिबळ इथं घराघरांत पोचलं, आणि मीही शाळेच्या वयात तेच खेळून मोठी झाले. यंदा मे महिन्यात मिरजेचा माझा भाचा लॅपटॉप काखेत मारून आला आणि म्हणाला, "आत्या, दुसऱ्या प्रकरणात चारदा हरलो. काय चुकतंय कळंनाच." त्याचा खेळ दहा मिनिटं बघितला आणि चूक दिसली. पोरगा बुद्धिबळ उत्तम खेळतो, आणि हा गेमही तो बुद्धिबळासारखाच खेळत होता.

गेम म्हणजे 'बॅटल फॉर वेस्नॉथ'. डेव्हिड व्हाइट यांनी २००३ मध्ये तो पहिल्यांदा लोकांपुढे आणला. तेव्हापासून जगभरचे लोक फावल्या वेळात तो वाढवत आलेत. पैसे पडत नाहीत, जुन्या लॅपटॉपवरही चालतो आणि मोहिमा, म्हणजे एकामागून एक प्रकरणांत उलगडणाऱ्या गोष्टी, खेळायला इंटरनेट लागत नाही. एल्फ, ऑर्क, बुटके, सांगाडे अशी दुनिया, षटकोनी घरांचा नकाशा, आणि एकदा तुमची पाळी, एकदा शत्रूची. शिकायला सोपा आहे, पण पहिल्या तीन-चार प्रकरणांत बरेच जण कंटाळून सोडून देतात. त्याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण खरी मजा त्याच्या पुढंच आहे.

माणसं प्याद्यांसारखी खर्चू नका

सगळ्यात मोठी चूक हीच. बुद्धिबळात डाव जिंकायला घोडा दिला, हत्ती दिला तरी काही बिघडत नाही. पुढच्या डावाला सोळाच्या सोळा मोहरी पुन्हा पटावर उभी असतात. वेस्नॉथमध्ये मेलेला माणूस मेला. जगलेला मात्र पुढच्या प्रकरणात त्याच्या नावासकट, अनुभवासकट परत बोलावता येतो. त्याला रिकॉल म्हणतात आणि त्याला सहसा २० गोल्ड (गेममधलं सोनं) पडतं, मग तो पहिल्या लेव्हलचा असो की तिसऱ्या. नवा शिकाऊ एल्फ घ्यायला त्यापेक्षा थोडंच कमी लागतं. म्हणजे लेव्हल दोनचा एक योद्धा वाचवला तर पुढं तो जवळजवळ शिकाऊच्या भावात मिळतो.

भाच्यानं पहिलं प्रकरण जिंकलं होतं, पण सहा एल्फ गमावून. दुसऱ्या प्रकरणात त्याच्या रिकॉलच्या यादीत दोनच नावं होती. तो दुसऱ्या प्रकरणात हरत नव्हता, पहिल्यातच हरला होता. ही गोष्ट गेम कुठंच सांगत नाही. "विजय" अशी पाटी झळकते आणि आपण खूश होऊन पुढं जातो.

म्हणून प्रकरण संपलं की आधी मोजा, किती जण जगले आणि किती जणांची लेव्हल वाढली. पहिल्या प्रकरणाअखेर दोन-तीन माणसं लेव्हल दोनला पोचली असतील आणि एखाद-दुसराच गेला असेल, तर गाडी रुळावर आहे. निम्मी फौज गेली असेल तर ते प्रकरण पुन्हा खेळा. त्यात कमीपणा काही नाही.

साठ टक्के म्हणजे नक्की नव्हे

बुद्धिबळात घोड्यानं प्यादं मारलं म्हणजे मारलं. इथं प्रत्येक वाराला शक्यता असते. भाचा चिडून म्हणाला, "साठ टक्के होते की आत्या! तरी चुकला!" मी त्याला वहीत हिशोब मांडून दाखवला, तो इथं देते.

एल्फ फायटरची तलवार ५-४ असते, म्हणजे एका हल्ल्यात चार वार आणि प्रत्येकाचं नुकसान ५. समोरचा ऑर्क ग्रंट गवतावर उभा असला तर प्रत्येक वार लागण्याची शक्यता ६० टक्के. आता त्या ग्रंटचे किती हिटपॉइंट, म्हणजे किती जीव, उरलेत ते बघा. ८ उरले असतील तर चारांपैकी दोन वार लागले की पुरे, त्याची शक्यता ८२ टक्के. १४ उरले असतील तर तीन लागायला हवेत, आणि तिथं शक्यता एकदम ४८ वर येते. २० उरले असतील तर चारही लागायला हवेत, ती फक्त १३ टक्के. पडद्यावर तिन्ही वेळा तोच "६० टक्के" आकडा दिसतो.

भाच्याच्या ग्रंटचे १४ उरले होते. त्यानं तो मेलाच असं धरून आपला एल्फ झाडीतून बाहेर गवतावर आणला. दोन वार चुकले, ग्रंट जगला, आणि एल्फ उघड्यावर राहिला.

हल्ल्याच्या खिडकीत नुकसानीच्या हिशोबाचं एक बटण असतं. ते दाबलं की दोघांपैकी कोण किती हिटपॉइंटवर राहील याची सगळी शक्यता समोर येते. सुरुवातीला प्रत्येक हल्ल्याआधी ते बघाच. आणि ठरवताना एवढंच विचारा: हा हल्ला फसला तर माझा माणूस कुठं उभा राहणार? त्याचं उत्तर झेपणारं असेल तरच पुढं व्हा.

घड्याळ आणि जमीन न बघता लढणं

वेस्नॉथचा दिवस सहा टर्नचा, म्हणजे सहा पाळ्यांचा: पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्रीचा पहिला प्रहर, दुसरा प्रहर. माणसांचे बरेचसे सैनिक दिवसा २५ टक्के जोरात मारतात आणि रात्री २५ टक्के कमी. ऑर्क, सांगाडे यांचं बरोबर उलट. एल्फ फायटरला दिवसरात्र सारखीच, पण त्याच्यावर येणारा ऑर्क रात्री जास्त जड असतो.

त्याच एल्फवर हे बसवून बघा. ग्रंटची तलवार ९-२. रात्री ती ११-२ होते, दिवसा ७-२. एल्फचे हिटपॉइंट साधारण ३३. गवतावर त्याचा बचाव ४०, म्हणजे वार लागण्याची शक्यता ६०. रात्री तिघा ग्रंटनी घेरलं तर सहा वार, सरासरी नुकसान ४०च्या आसपास, म्हणजे एल्फ गेलाच असं धरा. तेच तिघं दिवसा आले तर नुकसान २५, एल्फ जखमी होऊन जगतो. आणि रात्रच आहे, पण एल्फ झाडीत उभा आहे, तर त्याचा बचाव ६० ते ७० होतो आणि नुकसान २० ते २६ वर येतं. शत्रू तोच, माणूस तोच, फक्त एक घर मागं सरकायचं होतं.

साताऱ्याकडच्या वाचकाला हे गेममधून शिकायची गरज नाही. १६५९ मध्ये अफझलखानाची फौज वाईच्या सपाटीवरून जावळीच्या रानात, प्रतापगडाच्या पायथ्याला आणली गेली आणि तिथं तिच्या मोठेपणाचा तिला उपयोग उरला नाही. वेस्नॉथचा संगणकही तसाच समोर दिसलेल्यावर धावून येतो. त्याला धीर नाही, रात्र-दिवसाचा फारसा विचार नाही. तुम्ही झाडीत, डोंगरावर, गावात ओळ धरून उभे राहा आणि त्याला पाण्यात, दलदलीत, गवतावर उभं राहून हल्ला करायला लावा. संध्याकाळ व्हायला लागली की दोन घरं मागं या, पहाट झाली की पुढं सरका. पहिली प्रकरणं अर्धीअधिक एवढ्यावरच निघतात.

शत्रू कुठपर्यंत पोचू शकतो हे डोळ्यानं मोजत बसू नका. कंट्रोल धरून व्ही दाबा, त्यांची सगळी पोच नकाशावर उजळते. टर्न संपवण्याआधी ही सवय लावून घ्या.

सगळे शत्रू डेल्फाडोरकडूनच मारणं

'एअर टू द थ्रोन' या मोहिमेत राजपुत्र कॉनराडबरोबर डेल्फाडोर नावाचा म्हातारा जादूगार असतो. सुरुवातीच्या शत्रूंपुढं तो फारच ताकदवान, त्यामुळं हात आपोआप त्याच्याकडेच जातो. पण अनुभव कसा मिळतो ते बघा. नुसतं लढलं तर शत्रूच्या लेव्हलइतका, मारलं तर लेव्हलच्या आठपट. पहिल्या लेव्हलचा ग्रंट मारला की ८, दुसऱ्या लेव्हलचा मारला की १६. हे आठ गुण डेल्फाडोरला मिळून त्याचं काहीच होत नाही. पोरसवदा एल्फला मिळाले तर तो दोन प्रकरणांत लेव्हल दोनचा कॅप्टन होतो.

म्हणून डेल्फाडोरनं शत्रूला अर्धमेला करावा आणि शेवटचा घाव तरुणानं घालावा. तरुणाचा घाव फसलाच आणि ओळ फुटायची वेळ आली, तर मात्र खुशाल म्हाताऱ्याला पुढं करा. कुणाची लेव्हल वाढली की हिटपॉइंट जागच्या जागी पूर्ण भरतात. म्हणजे मरायला टेकलेल्या माणसाच्या हातून नेमका तो बळी घडवला, तर तो वाचतोही. असं जमून आलं की भाचा अजूनही खुर्चीवरून उठतो.

आणि डेल्फाडोर किंवा कॉनराड मेला तर प्रकरण तिथंच हरलं. दोघांनाही उघड्या गवतावर एकटं सोडू नका.

पळायच्या प्रकरणात लढत बसणं

याच मोहिमेच्या पहिल्या प्रकरणात ऑर्कनी एल्फांचं रान वेढलेलं असतं आणि कॉनराडला वायव्य कोपऱ्यातल्या खांबापर्यंत पोचायचं असतं. एवढंच. सगळे ऑर्क मारायचे नाहीत. उद्दिष्टांची खिडकी न वाचता "ओके" दाबून टाकणारे चारी बाजूंनी लढत बसतात, माणसं गमावतात, आणि टर्न संपतात ते वेगळंच. पुढं तीन-चार जणांची फळी ठेवा, मध्ये कॉनराड, मागून येणाऱ्यांना अडवायला दोघं झाडीत. वाटेतली गावं हलक्या पायाच्या माणसांनी घेत जा.

लवकर संपवल्याचा बोनसही बहुतेक प्रकरणांत असतो. मात्र उरलेलं सगळं गोल्ड पुढं येत नाही, बऱ्याच मोहिमांत ४० टक्केच येतं. तो आकडा त्याच खिडकीत लिहिलेला असतो. म्हणून शेवटच्या दोन टर्नला गोल्ड पडून आहे म्हणून उगाच भरती करू नका, आणि गोल्ड वाचवायचं म्हणून सुरुवातीला हात आखडूही नका. भरती करायची ती पहिल्या दोन-तीन टर्नमध्ये.

सगळे एल्फ फायटरच घेणं

पहिल्या दोन प्रकरणांत चालून जातं. पुढं सांगाडे येतात आणि तलवार-बाण त्यांच्यावर जवळजवळ वाया जातात. तलवारीचं नुकसान ४० टक्के कमी, बाणांचं ६० टक्के कमी. त्यांना आग लागते, जादूगार लागतात. जादूगाराचा वार कुठल्याही जमिनीवर ७० टक्के लागतो, पण त्याचा जीव नाजूक, म्हणून त्याला फळीच्या मागून काढून मारायला लावायचं आणि टर्न संपवण्याआधी त्याच्या पुढं कुणीतरी उभं आहे ना हे बघायचं. शमनही एक-दोन घ्या. शेजारच्या जखमींना ती दर टर्नला ४ हिटपॉइंट देते. गावात थांबलेल्याला ८ मिळतात.

घोडेस्वार हाताशी आला की सगळ्यांनाच मोह होतो. त्याच्या चार्जमध्ये, म्हणजे धावून केलेल्या हल्ल्यात, तो करतो ते नुकसान दुप्पट आणि त्याला बसणारंही दुप्पट. जादूगारावर सोडा, भालेवाल्यावर कधीही नाही. भालेवाला हल्ला झाला तरी पहिला वार स्वतः करतो.

गेम बिघडलाय असं वाटतं तेव्हा

माणूस दोन घरं जाऊन थांबला आणि पुढं हलेना, तर शेजारी शत्रू आहे. लेव्हल एक आणि वरचा प्रत्येक जण आपल्या भोवतीच्या सहा घरांवर दाब ठेवतो, तिथं शिरलं की चाल संपते. हेच तुमच्याही कामाचं आहे: दोघांमध्ये दोन घरं मोकळी सोडली तरी शत्रूला मधून निसटता येत नाही.

भरती होत नसेल तर नायक किल्ल्याच्या मुख्य घरावर आहे का बघा. गोल्ड वाढत नसेल तर गावं कमी आणि माणसं जास्त झालीत. एक गाव साधारण एका लेव्हलचा खर्च उचलतं. चुकीची चाल यू दाबून मागं घेता येते, पण लढाई झाली किंवा धुक्यातलं नवीन काही दिसलं की नाही.

वीज गेली तर घाबरू नका, दर टर्नला गेम आपोआप सेव्ह होतो. पण टर्नचा सेव्ह उघडून तोच हल्ला पुन्हा पुन्हा खेळत बसण्याची सवय मला पसंत नाही. त्यानं हात सुधारत नाही. त्याऐवजी प्रकरणाच्या सुरुवातीचा सेव्ह उघडा. त्या खिडकीत काठिण्य बदलायची चौकटही असते. तिच्यावर खूण करून एक पायरी खाली या.

आणि मोहीमच नवी निवडायची असेल तर 'अ टेल ऑफ टू ब्रदर्स' किंवा 'द साउथ गार्ड' घ्या. दोन्ही नवख्यांसाठीच आहेत आणि लहान आहेत. भाच्यानं मधे 'साउथ गार्ड' पुरी केली आणि मग कॉनराडकडे परतला. रविवारी त्याचा फोन आला होता. पहिलं प्रकरण संपलं, एक एल्फ गेला. त्याचं नाव त्यानं मला सांगितलं, आणि तो कुठल्या घरावर, कुठल्या टर्नला गेला तेही.