‘होण्याच्या बेतात’ हे इंग्रजीत नेमकं कसं म्हणायचं

गाडी सुटायच्या बेतात असते, परीक्षा तोंडावर येते, पोर रडकुंडीला येतं आणि बदली घाटत असते. हे वेगवेगळे शब्द आपल्या तोंडी आपसूक येतात. इंग्रजीत मात्र सगळीकडे एकच ‘गोइंग टू’ लावलं जातं आणि वाक्यातली निकड जाते. म्हणून मराठीत कुठला शब्द सुचला, ते आधी पाहा.

‘निघणारच होतो, इतक्यात फोन वाजला’ याला ‘आय वॉज जस्ट अबाउट टू लीव्ह व्हेन द फोन रँग’. ‘टू’पुढे क्रियापदाचं मूळ रूप येतं. गोष्ट क्षणांवर आलेली असते, म्हणून ‘अबाउट टू लीव्ह टुमॉरो’ चुकतं. नकारात तर अर्थच पालटतो: ‘आय ॲम नॉट अबाउट टू पे’ म्हणजे ‘पैसे मुळीच देणार नाही’.

सर्वांत जास्त चुका ‘ऑन द व्हर्ज ऑफ’मध्ये होतात. ‘ऑफ’नंतर नाम किंवा ‘-इंग’ रूपच हवं: रडकुंडीला येणं म्हणजे ‘ऑन द व्हर्ज ऑफ टिअर्स’ किंवा ‘ऑफ क्राइंग’. ‘ऑन द व्हर्ज टू क्राय’ नाही. ‘ऑन द ब्रिंक ऑफ’चं व्याकरण हेच, पण ब्रिंक म्हणजे कड्याची धार, तिथून माणूस कोसळतो. म्हणून युद्ध, दिवाळखोरी, विनाश यांच्यासाठी तो शब्द शोभतो. लग्न ठरत आलं असेल तर ‘ब्रिंक’ नकोच, ऐकणाऱ्याला संकटाचा वास येईल. ‘व्हर्ज’ चांगल्या गोष्टीलाही चालतो, उदाहरणार्थ ‘ऑन द व्हर्ज ऑफ अ ब्रेकथ्रू’.

तोंडावर आलेल्या परीक्षेला किंवा दिवाळीला ‘जस्ट अराउंड द कॉर्नर’. ब्रिटिश ‘राउंड’ही म्हणतात. इथे कर्ता तो प्रसंगच असतो, माणूस नाही. ‘द बँक इज अराउंड द कॉर्नर’ म्हटलं तर बँक खरोखरच कोपरा वळलं की लगेच आहे.

‘घाटतंय’ याच्या जवळचं ‘इन द ऑफिंग’. ऑफिंग म्हणजे किनाऱ्यावरून दिसणारा लांबचा समुद्र. तिथे जहाज दिसलं की ते लवकरच बंदराला लागणार, यावरून हा प्रयोग आला. तो बोलण्यापेक्षा लिखाणात जास्त शोभतो.

नुसती दाट शक्यता असेल तर ‘ऑन द कार्ड्स’, अमेरिकेत ‘इन द कार्ड्स’. काम प्रत्यक्ष सुरू झालं असेल तरच ‘इन द पाइपलाइन’: नवा पूल, नवं औषध, नवा कायदा. पावसाला ते लावू नका. ढग भरून आले असतील तर साधं ‘इट्स अबाउट टू रेन’ म्हणा.