मेल पाठवण्याआधी या चुका टाळा, नाहीतर ‘नमस्कार, पाटील उधारी’

कोल्हापुरात राजारामपुरीत बसून मी दुकानदारांचे मार्केटिंगचे मेल पाठवतो. चपला, गूळ, मसाले, उद्यमनगरातले एकदोन कारखानदार. माल वेगवेगळा, चुका मात्र ठरलेल्या. नवीन पोरगं “टेस्ट केली की सर” म्हणालं की मला धडकीच भरते. त्याची टेस्ट म्हणजे स्वतःला एक मेल टाकला, रिक्षात बसल्या बसल्या मोबाइलवर बघितला, झालं.

स्वतःलाच टेस्ट पाठवून गप्प बसणं ही माझ्या लेखी सगळ्यात महागात पडणारी चूक. तुम्ही त्या पत्त्यावरून आलेले मेल रोज उघडता, उत्तरं देता. जीमेलला तुमची ओळख पटलेली असते, त्यामुळे मेल सरळ इनबॉक्समध्ये येतो. अनोळखी गिऱ्हाइकाकडे तोच मेल स्पॅममध्ये पडला तर तुम्हाला पत्ताही लागत नाही. शिवाय यादीत तुमचं स्वतःचं नाव नीट भरलेलं असतं. बाकीच्यांचं?

हे मी स्वतः भोगलंय. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन ब्रँडच्या मिलानमधल्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि गावात दुसरा विषय उरला नाही. चप्पल लाइनीतल्या एका दुकानदाराचा फोन आला, “विषय तापलाय तोवर मेल जाऊ दे. आजच्या आज!” यादी बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून एक्सेलमध्ये काढलेली. मी ‘नमस्कार’च्या पुढे नावाचा टॅग टाकला, म्हणजे तिथे यादीतलं ज्याचं त्याचं नाव आपोआप बसतं, माझ्याच पत्त्यावर टेस्ट घेतली, माझं नाव झकास आलं. सोडला मेल.

अर्ध्या तासात मालकांचा फोन. काउंटरवरचा पोरगा गिऱ्हाईक लक्षात राहावं म्हणून नावाच्या रकान्यात खुणा लिहून ठेवायचा. त्यामुळे एकाला गेलं ‘नमस्कार, पाटील उधारी’. पुण्याच्या एका बाईंना ‘नमस्कार, ७ नंबर रुंद पाय’. आणि एका भल्या माणसाला ‘नमस्कार, लई भाव करतो’. त्यांनी उत्तर पाठवलं, “भाव करतो, पण रोख देतो.” मालक पुढे कधीतरी हसले. त्या दिवशी नाही.

तेव्हापासून माझी सवय अशी. यादी आली की आधी नावाचा रकाना अक्षरानुसार लावून घ्यायचा आणि वरच्या वीस, खालच्या वीस ओळी डोळ्यांनी वाचायच्या. रिकामे रकाने, आकडे, कंस, असली घाण अक्षरानुसार लावल्यावर टोकांनाच येऊन साठते. मग सगळ्यात लांब नाव, रिकामं नाव आणि सगळ्यात विचित्र नाव अशा ३ ओळी निवडून त्यांच्या नावाने प्रीव्ह्यू बघायचा. यादीवर भरवसा नसेल तर मी नाव टाकतच नाही. नुसत्या ‘नमस्कार’ने आजवर कुणी रागावलेलं नाही.

टेस्टसाठी निदान ४ पत्ते ठेवा: एक जीमेल, एक याहू, एखाद्या ऑफिसातल्या मित्राचा आउटलुक आणि एक आयफोन. माझ्याकडे आईचा जुना अँड्रॉइड फोनही आहे, अक्षरं मोठी करून ठेवलेला. त्यावर बटण बोटाने दाबता आलं तर ते कुठेही दाबता येतं. आणखी एक गोष्ट पोरांना माहीत नसते. एकाच विषयाने पाचदा टेस्ट पाठवली की जीमेल ते सगळे मेल एका साखळीत घालतं आणि आधी येऊन गेलेला मजकूर तीन टिंबांमागे लपवतं. मग “खालचा पत्ता गेला कुठे?” म्हणून तासभर शोधाशोध. प्रत्येक टेस्टच्या विषयाला नंबर द्या. आणि खरा मेल सोडताना तो काढा! ‘टेस्ट ७’ असा विषय घेऊन गेलेले मेल मी पाहिलेत, कुणाचे ते विचारू नका.

माझा दुसरा राग फ्लेक्सवर. आपल्या गावात वाढदिवसाला फ्लेक्स, दिवाळीला फ्लेक्स, तर मेलही तसाच. डीटीपीवाला कोरल ड्रॉमध्ये एक भलंमोठं चित्र करून देतो. त्यात ऑफर, पत्ता, फोन नंबर, मालकांचा हात जोडलेला फोटो, सगळं कोंबलेलं. ते अख्खं चित्र मेलमध्ये चिकटवायचं. दुकानाबाहेर वीस फुटांवरून वाचायची चीज ती, हातातल्या फोनवर मुंगीएवढी दिसते. बऱ्याच ऑफिसांतला आउटलुक तर चित्रं आपणहून उघडतच नाही. तिथे गिऱ्हाइकाला दिसते कोरी चौकट. फोन नंबर चित्रात असल्यामुळे त्यावर बोट ठेवून फोनही लागत नाही.

यावर माझी एकच परीक्षा: चित्रं बंद करून मेल उघडायचा. काय विकताय, कितीला आणि कधीपर्यंत, एवढं तरी वाचता आलं पाहिजे. चित्राऐवजी दिसणारा मजकूर प्रत्येक फोटोला लिहा, आणि ‘इमेज १’ असा नको, ‘कापशी चप्पल, १,८०० रुपये’ असा. मजकूर खरा टाइप करा, आणि तोही युनिकोडमध्ये. डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टमधला मजकूर उचलून चिकटवला की तुमच्या संगणकावर मराठी दिसतं, कारण तुमच्याकडे तो फॉन्ट आहे. गिऱ्हाइकाला रोमन अक्षरांची भेळ जाते. पाठवणाऱ्याच्या स्क्रीनवर ही चूक कधीच दिसत नाही, म्हणून मी तिला दुप्पट घाबरतो.

बाकीच्या चुका भराभर सांगतो.

मेलचा कोड १०२ केबीच्या वर गेला की जीमेल तो मध्येच कापतं, आणि सगळ्यात खाली असलेली, यादीतून नाव काढायची ‘अनसबस्क्राइब’ची लिंक त्याबरोबर गायब. युनिकोडच्या नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजीचं अक्षर १ बाइट खातं, मराठीचं प्रत्येक चिन्ह ३, म्हणजे काना-मात्राही वेगळ्या मोजायच्या. वर्डमधून मजकूर चिकटवलात तर त्याच्या छुप्या कोडचा कचराही आत येतो. आधी नोटपॅडमध्ये टाका, मग उचला.

पारदर्शक पार्श्वभूमीवरचा काळा लोगो डार्क मोडमध्ये दिसत नाही. फोन डार्क करून एकदा बघा.

विंडोजवरचा जुना आउटलुक २००७ पासून वर्डच्या इंजिनावर मेल दाखवतो. तिथे गोल कोपरे आणि मागची चित्रं शोधू नका. साधी मांडणी ठेवा.

इनबॉक्समध्ये विषयाच्या शेजारी दिसणारी ओळ स्वतः लिहा. नाहीतर तिथे ‘हा मेल ब्राउझरमध्ये पाहा’ येतं. दुकानाच्या पाटीवर ‘मागच्या दाराने या’ लिहावं तसं ते.

प्रत्येक लिंक दाबून बघा. प्रत्येक म्हणजे प्रत्येक, लोगोवरचीसुद्धा. कूपन कोड टाकून खरेदीच्या शेवटच्या पायरीपर्यंत जा.

टेस्ट मालकांना फॉरवर्ड करू नका, थेट पाठवा. फॉरवर्डमध्ये मांडणी बिघडते आणि मग शिव्या आपल्याला. वर एका मालकांनी माझ्याच फॉरवर्डमधून मला अनसबस्क्राइब केलं. मला टेस्ट येईना, म्हणून त्यांना फॉरवर्डही जाईना, आणि पुढचा महिनाभर “मेल येत नाहीत” म्हणून तेच तक्रार करत होते.

आणि ती तांत्रिक कागदपत्रं. २०२४ पासून जीमेल आणि याहूने घाऊक मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच तुमच्याच नावाने आलाय याचे तीन पुरावे) आणि एका क्लिकवर अनसबस्क्राइब सक्तीचं केलंय. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला साधारण ५,००० किंवा जास्त मेल गेले की जीमेलच्या हिशेबात तुम्ही घाऊक. आपण कुठे इतके पाठवतो, असं म्हणून सोडू नका. टेस्ट मेल संगणकावर जीमेलमध्ये उघडा, तीन टिंबांत ‘शो ओरिजिनल’ दाबा. तिन्हींपुढे ‘पास’ दिसलं तर पुढे जा. नाही दिसलं तर डोमेन, म्हणजे मेलच्या पत्त्यात @ च्या पुढचं नाव, ज्याच्याकडून घेतलंय त्याला आधी फोन करा, मेल उद्या जाईल. “भावा, आज पाठवू की, उद्या बघू” म्हणणारे मला दर आठवड्याला भेटतात, आणि पुढच्या आठवड्यात “मेल स्पॅममध्ये का जातात ओ?” विचारायला तेच येतात.

एवढं करूनही चूक निसटते. लिंक चुकली असेल तर वेबसाइटवाल्याला सांगून तो चुकीचा पत्ता बरोबर पानाकडे वळवून घ्या, मेल परत पाठवायची गरज नाही. किंमत किंवा तारीख चुकली तरच दुरुस्तीचा मेल. शुद्धलेखनासाठी मी कधी माफीचा मेल काढत नाही. एका दिवाळीत आमच्या मेलमध्ये ‘सुगंधी उटणे’चं ‘सुगंधी उठणे’ झालं होतं. मी गप्प बसलो. चौघांनी “पहाटे किती वाजता?” असं लिहून पाठवलं, त्यातल्या दोघांनी ऑर्डरही दिली.