सायबर सुरक्षेच्या प्रयोगशाळेसाठी केंद्राचं अनुदान मागताना

सांगलीतल्या अल्पसंख्याक महाविद्यालयांचे प्रस्ताव बहुधा विषयावर नाही, कागदावर अडतात. शिवाजी विद्यापीठाचं संलग्नीकरण पत्र आणि अल्पसंख्याक दर्जाचं प्रमाणपत्र आधी काढून ठेवा. मग पॅन, बँक पासबुक आणि पीएफएमएस (केंद्राचा निधी वाटपाची ऑनलाइन प्रणाली) नोंदणीवरचं नाव अक्षरन्‌अक्षर जुळवा. खातं ‘शिक्षण प्रसारक मंडळा’चं आणि अर्ज महाविद्यालयाचा, असं झालं की मंजूर पैसेही लटकतात.

अंदाजपत्रकात आवर्ती (दरवर्षी येणारा) आणि अनावर्ती (एकदाच होणारा) खर्च वेगळा मांडा. वीस संगणक, मॅनेज्ड स्विच, फायरवॉल, यूपीएस हे अनावर्ती. प्रशिक्षकाचं मानधन, सॉफ्टवेअरचं वार्षिक नूतनीकरण आवर्ती. एका शीर्षाचे, म्हणजे खर्चाच्या गटाचे, पैसे परवानगीशिवाय दुसऱ्यावर खर्चू नका, लेखापरीक्षक पहिलं तेच पाहतो. सरावाचं जाळं (नेटवर्क) कार्यालयाच्या जाळ्यापासून पूर्ण तोडा. नाहीतर विद्यार्थ्याने सोडलेलं स्कॅनिंग (संगणकांतल्या उघड्या वाटा शोधणारी तपासणी) थेट फीच्या संगणकावर जाईल. (व्हीलॅन, म्हणजे त्याच स्विचवर आभासी वेगळं जाळं, पुरतं, पण नीट बांधलेलं हवं.)

अनुदानावरचं व्याज तुमचं नाही. हिशेब अंतिम झाल्यावर ते केंद्राच्या संचित निधीत (सरकारी तिजोरीत) भरायचं. उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावर खर्चले याचा दाखला) जीएफआर, म्हणजे केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांतल्या, १२-ए नमुन्यात, आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत. उशीर झाला की पुढचा हप्ता विसरा.