दुःखवाचक इंग्रजी शब्दाचा इतिहास कसा शोधावा : 'रेच' या शब्दाचा माग

इंग्रजीत दुःख आणि हालअपेष्टा सांगणारे शब्द पुष्कळ आहेत. त्यांपैकी अभ्यासासाठी एकच निवडायचा, तर डब्ल्यूने सुरू होणारा, पण उच्चारात तो डब्ल्यू गिळून नुसता 'रेच' एवढाच उरणारा शब्द (wretch) घ्यावा. मराठी कानाला तो रेचकाचा भाऊबंद वाटेल, पण त्याचा रेचकाशी काही संबंध नाही. आजच्या कोशांत त्याचे दोन मुख्य अर्थ मिळतात : दीनवाणा, दुर्दैवी माणूस आणि नीच, हलकट माणूस. एकाची कीव करायची, दुसऱ्याचा तिरस्कार करायचा, आणि दोघांना शब्द मात्र एकच. असा विरोध दिसला की तिथे इतिहास दडलेला आहे असे खुशाल समजावे. तो कसा बाहेर काढायचा, हे या एका शब्दाच्या आधाराने पाहू.

प्रारंभ आजच्या वापरापासून करावा. नामाबरोबर त्याचे विशेषण 'रेचिड' हेही घ्यावे. नामाला शेवटी 'इड' जोडून ते इसवी सन १२००च्या सुमारास तयार झाले. आज या विशेषणाची धार इतकी बोथट झाली आहे की, बंद पडलेल्या संगणकालाही इंग्रज माणूस 'रेचिड' म्हणतो, जसे आपण 'मेला तो कॉम्प्युटर' म्हणतो. दैन्यावस्था, नीचपणा आणि नुसता वैताग असे तीन अर्थ वहीत वेगवेगळे मांडावेत आणि मग प्रत्येक अर्थ किती मागे जातो ते पाहावे.

यासाठी मुख्य साधन म्हणजे ऑक्सफर्डचा ऐतिहासिक इंग्रजी कोश. लंडनच्या भाषाशास्त्रीय संस्थेने १८५७मध्ये त्याची कल्पना मांडली, जेम्स मरे यांनी संपादनाचा मोठा भार वाहिला आणि १८८४ ते १९२८ या काळात त्याची पहिली आवृत्ती भागाभागांनी निघाली. त्यात व्याख्येपेक्षा खालची अवतरणे मोलाची आहेत, कारण ती कालक्रमाने लावलेली असतात आणि अर्थ कधी वळला हे त्यांच्यावरूनच कळते. पुष्कळ वाचक फक्त व्याख्या वाचून कोश मिटतात. ते मजकूर सोडून मथळा वाचण्यासारखे आहे. त्यामागच्या काळासाठी मिशिगन विद्यापीठाचा मध्ययुगीन इंग्रजीचा कोश आणि बॉसवर्थ व टॉलर यांचा जुन्या इंग्रजीचा कोश हे दोन्ही इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात. मात्र तेथे आजच्या स्पेलिंगने शोधून भागत नाही. जुन्या इंग्रजीतले रूप 'व्रेक्का' किंवा 'व्रॅक्का' असे होते, आणि त्यातला 'व' उच्चारला जात असे. आज लिहिण्यात उरलेला मुका डब्ल्यू ही त्याचीच खूण आहे.

या 'व्रेक्का'चा मूळ अर्थ हद्दपार केलेला, परागंदा झालेला माणूस. मागे 'हाकलणे, पिटाळणे' या अर्थाचे क्रियापद आहे, आणि सूड उगवण्यासाठी इंग्रजीत आजही वापरले जाणारे 'रीक' हे क्रियापद त्याच कुळातले. जहाज फुटण्याचा 'रेक' हा शब्दही याच घराण्यातला, पण तो स्कँडिनेव्हियाच्या वाटेने आला. एक्सेटर कॅथेड्रलमधील दहाव्या शतकाच्या हस्तलिखितात एका विरहिणीची कविता आहे. तिच्यात ती स्वतःला मित्र नसलेली व्रेक्का म्हणते. येथे दुःख आणि हद्दपारी वेगळी काढता येत नाही. त्या समाजात माणसाला संरक्षण मिळे ते आपल्या कुळाचे आणि धन्याचे; धनी गेला की आसरा गेला आणि जिवाची शाश्वतीही गेली. 'परका झालेला' या अर्थातून 'दुःखी' हा अर्थ निघायला मग वेळ लागत नाही. मराठी वाचकाला हे चटकन उमगावे, कारण आपल्याकडे 'देशोधडीला लागणे' म्हणजे देश सुटणे आणि धुळीला मिळणे, दोन्ही एकदमच.

मात्र सगळ्याच व्रेक्कांच्या वाट्याला कीव आली नाही, आणि शोधाचा खरा रंग येथे चढतो. 'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजीतल्या महाकाव्यात सिगेमुंड या ड्रॅगन मारणाऱ्या वीराला व्रेक्कांमध्ये सर्वांत कीर्तिमान म्हटले आहे. मुलूख सोडून तलवारीच्या जोरावर फिरणारा तो धाडसी पुरुष. म्हणून सख्ख्या भाषा तपासल्याशिवाय शोध पुरा मानू नये. जर्मनमध्ये हाच शब्द 'रेके' झाला आणि त्याचा अर्थ ठरला वीर, योद्धा. सन १२००च्या सुमारास रचलेल्या 'निबेलुंगेनलीड' या महाकाव्याच्या सुरुवातीच्या कडव्यातच शूर रेक्यांच्या झुंजींची ग्वाही दिली आहे. हद्दपाराच्या एका नावावरून इंग्रजीने दीन माणूस घडवला आणि जर्मनने वीर. मग जर्मन भाषेला हद्दपारीचे दुःख दिसलेच नाही काय? दिसले, पण दुसऱ्या शब्दात. 'एलेंड' हा तिचा दैन्याचा शब्द, आणि त्याचा मूळ अर्थ परमुलूख, परदेशातला वास. अर्थाची वाट तीच होती, फक्त तिच्यावरून दुसरा शब्द चालून गेला.

आता सावधगिरीच्या दोन गोष्टी. पहिली म्हणजे सारख्या ध्वनीला भुलू नये. ओकारी येण्यासाठी इंग्रजीत याच उच्चाराचा दुसरा 'रेच' आहे. तो जुन्या इंग्रजीतल्या खाकरण्याच्या क्रियापदापासून आला आहे आणि त्याच्या आरंभी कधी 'व' नव्हताच. बेपर्वाई दाखवणारा 'रेकलेस' हाही परका. त्याचे मूळ 'पर्वा करणे' या क्रियापदात आहे. सर्वांत जुने लेखन पाहिले की अशी बहुतेक सोयरीक तिथल्या तिथे मोडते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची : मूळ अर्थ हाच खरा अर्थ, असे कधीही मानू नये. आजच्या इंग्रजाला हा शब्द उच्चारताना हद्दपारी आठवत नाही, आणि त्याने ती आठवावी असा हट्ट धरण्यात हशील नाही.

मधल्या शतकांतील अर्थ पाहताना, शब्द कोण कोणाला उद्देशून वापरतो हे प्रत्येक अवतरणापुढे लिहून ठेवावे. माझ्या मते ही एक नोंद चार व्याख्यांना भारी पडते. शेक्सपियरच्या 'ऑथेल्लो' नाटकाच्या तिसऱ्या अंकात डेस्डिमोना रंगमंचावरून जाते न जाते तोच तिचा नवरा ऑथेल्लो प्रेमाने भरून येऊन तिला 'एक्सलंट रेच' म्हणतो. नुसती व्याख्या घेऊन वाचणारा येथे अडखळतो, पण कोकणातली आजी नातवाला 'मेल्या' म्हणून जवळ ओढते हे ज्याने ऐकले आहे त्याला ही जात ओळखीची वाटेल. ज्युलिएटची दाई तिच्या लहानपणीची आठवण सांगताना याच मायेने हा शब्द वापरते. सॅम्युएल पेपिसच्या १६६० ते १६६९च्या रोजनिशीत बायकोचा उल्लेख अनेकदा 'पुअर रेच' असा येतो. त्यात जिव्हाळा आहे आणि नवरेपणाचा वरचढ सूरही आहे.

स्वतःला उद्देशून वापरला की शब्दाचे वजन पुन्हा बदलते. पूर्वी गुलामांच्या जहाजांवर कप्तान असलेले आणि पुढे धर्मोपदेशक झालेले जॉन न्यूटन यांचे 'अमेझिंग ग्रेस' हे स्तोत्र १७७९मध्ये छापले गेले. त्यात ते स्वतःला 'रेच' म्हणतात, म्हणजे पापी आणि लाचार, दोन्ही. काही आधुनिक स्तोत्रसंग्रहांनी हा शब्द काढून सौम्य शब्द घातला आहे. अशा दुरुस्त्याही पुरावा म्हणून नोंदवाव्यात, कारण शब्द कुठे बोचू लागला हे त्या दाखवतात. मेरी शेलीच्या 'फ्रँकेन्स्टाइन' या १८१८च्या कादंबरीत शास्त्रज्ञ आपल्या निर्मितीला पुन्हा पुन्हा 'रेच' म्हणतो आणि वेळ आली की स्वतःलाही. कीव आणि किळस एकाच शब्दात कोंबण्याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. त्या जिवाला जो तो हाकलून देतो, तेव्हा जुना अर्थही लेखिकेच्या नकळत खरा ठरतो.

मराठीत आणताना एकच प्रतिशब्द ठरवून ठेवू नये. पौलाच्या रोमकरांस पत्रातील 'रेचिड मॅन' मराठी बायबलात 'कष्टी माणूस' झाला आहे. तेथे तो शोभतो, पण ऑथेल्लोच्या तोंडी चालणार नाही. इंग्रजी शब्द स्वतःच अनुवाद असेल, तर त्याचे मूळही उघडून पाहावे. वसाहतवादाचे टीकाकार फ्रांत्स फॅनन यांच्या १९६१च्या ग्रंथाच्या इंग्रजी नावात 'रेचिड' आहे, पण मूळ फ्रेंच नावातला शब्द शाप मिळालेले, नरकात लोटलेले लोक असे सुचवतो. तो कामगार चळवळीच्या 'इंटरनॅशनल' या गीताच्या पहिल्या ओळीतून आला आहे. अशा जागी 'दुःखी' पेक्षा 'शापित' जवळचे. एकोणिसाव्या शतकात मराठी प्रतिशब्द कसे निवडले जात, हे पाहायचे असेल तर मोल्सवर्थ यांनी आरंभलेला आणि कँडी यांनी पुरा केलेला १८४७चा इंग्रजी-मराठी कोश काढावा, त्यात नाम आणि विशेषण या दोन्ही नोंदी शेजारी ठेवून वाचाव्यात, आणि कीव दाखवणारे शब्द व तिरस्कार दाखवणारे शब्द यांच्या दोन वेगळ्या याद्या कराव्यात.