वाकळ शिवताना दोरा का गुंततो आणि तो कसा आवरायचा

हाताने वाकळ, म्हणजे गोधडी, शिवायला नव्याने बसलेल्या माणसाचा निम्मा जीव टाक्यात आणि निम्मा गाठी सोडवण्यात जातो. सातारा-सांगलीकडे बचत गटातून किंवा घरच्या घरी मागणीप्रमाणे वाकळा शिवून द्यायच्या असतील, तर टाका बारीक पडण्याआधी दोरा सरळ चालायला हवा. गाठ नशिबाने पडत नाही, तिच्यामागे दरवेळी ठरावीक कारण असतं.

सगळ्यात मोठं कारण म्हणजे लांब दोरा. सुई पुन्हा ओवायचा कंटाळा म्हणून नवशिके वावभर, म्हणजे दोन्ही हात पसरून मावेल एवढा, दोरा घेतात आणि तिथेच फसतात. दोरा एक हात घ्यावा, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, साधारण 18 ते 20 इंच. दुहेरी शिवायचं असेल तर 36 इंच कापून दुमडावा. पाव इंचाचा टाका आणि तेवढीच मोकळी जागा धरली, तर गाठीला आणि सुईजवळ राहणारा दोरा वगळून 20 इंचांच्या दोऱ्यात पन्नासेक वेळा सुई कापडातून जाते. 40 इंच घेतला की तोच आकडा सव्वाशेच्या पुढे जातो. सुईजवळचा दोरा प्रत्येक खेपेला घासतो, त्याचे तंतू सुटतात, आणि सुटलेले तंतूच एकमेकांना धरतात. शिवाय लांब दोरा एका ओढीत बाहेर येत नाही. मधे जो ढिला फास राहतो, त्याचीच गाठ होते.

आखूड दोऱ्याने काम लांबतं, हे खरं. 5 बाय 7 फुटांच्या वाकळेत इंचा-इंचावर उभ्या ओळी घातल्या, तर ओळींचीच लांबी 420 फूट भरते. म्हणून बसण्याआधी दहा-बारा सुया ओवून उशीला टोचून ठेवाव्यात. त्यात जेवढा वेळ जातो, त्याहून जास्त एक घट्ट गाठ सोडवण्यात जातो.

रिळावरून जे टोक आधी सुटतं ते नेढ्यात, म्हणजे सुईच्या भोकात, घालावं आणि कापलेल्या टोकाला गाठ मारावी. दोरा तिरका कापला की नेढ्यात पटकन जातो. दुहेरी दोऱ्याची दोन्ही टोकं एकत्र न बांधता वेगवेगळी बांधावीत, म्हणजे दोन्ही पदरांना आपापला पीळ सोडायला वाव राहतो.

आता पीळ. टाका घालताना सुई बोटांत नकळत फिरते आणि दर टाक्याला दोऱ्यात थोडा पीळ वाढतो किंवा उलगडतो. वाढलेला पीळ दोऱ्याला वेटोळं घ्यायला लावतो. आठ-दहा टाके झाले की वाकळ उचलून सुई मोकळी खाली सोडावी. ती गरगर फिरेल, फिरून थांबू द्यावी. कुठल्या बाजूला फिरली ते नीट पाहून ठेवावं. दर दोन-तीन टाक्यांनी बोटांत सुईला त्याच बाजूला पाव वळसा दिला, तर सुई टांगायची वेळच कमी येते. डावऱ्या हाताची बाजू उलटी असू शकते, म्हणून दुसऱ्याचं बघून वळसा देऊ नये.

सुती दोऱ्याला मधमाशीचं मेण लावावं. महाबळेश्वरकडे मधाचा व्यवसाय जुना आहे. 2022 मध्ये ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालेलं मांघर याच तालुक्यातलं. तिकडून सुपारीएवढा खडा आणला तरी बरेच दिवस पुरतो. दोरा मेणावरून दोन-तीनदा ओढावा, मग जुन्या फडक्यात धरून वरून कोमट इस्त्री फिरवावी. मेण तंतूंत मुरतं आणि दुहेरी पदर एक होऊन चालतात. इस्त्री टाळली तर मेणाचे कण फिकट कापडावर दिसतात. मेणबत्तीचं मेण मात्र नको, ते भुगा होऊन गळतं.

कापडाचाही दोष असतो. खळ असलेलं नवं कापड धुऊनच घ्यावं. आतल्या थरात जरीचा काठ, जुनी शिवण, हुक राहिलं तर दोरा तिथे अडकतोच. ते आधी कापून काढावं. सुई दोऱ्यापेक्षा किंचित जाड हवी, म्हणजे तिने पाडलेल्या भोकातून दोरा न घासता जातो. माण, आटपाडी, जतच्या कोरड्या हवेत पॉलिस्टरच्या दोऱ्यात स्थिर वीज साठते आणि तो गुंततो. तिथे सुतीच बरा. पाटण-जावळीच्या पावसात सुईला गंज धरतो आणि गंजकी सुई दोरा खाते.

एवढं करूनही फास पडला, तर ओढायचं नाही. नव्वद टक्के नुकसान त्या एका हिसक्याने होतं, असं आमचं ठाम मत आहे. हात थांबवून सुईचं टोक फासाच्या मधोमध घालावं आणि हलकेच वर उचलावं. ढिली सरकगाठ असेल तर दोन पदरांपैकी एक ओढल्यावर सुटते. कुठला ते हळू ओढून समजतं. गाठ आवळलीच असेल तर तिच्यामागचे तीन-चार टाके उसवून दोरा मोकळा करावा, तिथेच कापडालगत गाठ मारून टोक थरांच्या आत इंचभर लपवावं आणि नवा दोरा घ्यावा. आणि दर ओळीला डावा हात वाकळेखालून फिरवावा. खालच्या बाजूचा सुटा झोळ डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागतो.