मुलं शिकायला गेली आणि संध्याकाळ कचेरीने घेतली: ती परत कशी मिळवावी

मुलगा पुण्याला, मुलगी बंगळुरूला गेली की घरातली धावपळ निम्मी होते. पण मोकळा झालेला वेळ हातात येतोच असं नाही, बऱ्याचदा तो गुपचूप नोकरीत जिरतो. पूर्वी ‘क्लास साडेसहाला सुटतो’ म्हणून वेळेवर टेबल आवरलं जायचं. आता घरी कुणी वाट बघत नाही, म्हणून ‘एवढी फाइल संपवूनच जाऊ’. सहा महिन्यांत साहेबांनाही त्याची सवय होते. दुकानदारांचं लक्षण वेगळं. गोव्यात, म्हापशा-मडगावात दुपारी बंद होणारं शटर अर्धं उघडं राहू लागतं, आणि जेवणानंतरची झोप आधी जाते.

१. दोन आठवडे फक्त नोंद करा. वहीत रोज तीन गोष्टींची वेळ लिहा: कामावरून निघालात कधी, घरी पोचलात कधी, रात्री कामासाठी मोबाइल शेवटचा कधी उघडलात. या काळात काही सुधारायला जाऊ नका, नाहीतर नोंद खोटी होते. शेजारच्या पानावर मुलांपायी जाणारे तास मांडा. डबा ४० मिनिटं, आठवड्यातून सहा दिवस, म्हणजे चार तास. क्लासला सोडणं-आणणं ५० मिनिटं, पाच दिवस, म्हणजे चार तास दहा मिनिटं. हे आठ तास गेले कुठे, ते पहिल्या पानावर दिसतं.

२. निघायची वेळ दुसऱ्या कुणाशी बांधा. ‘उद्यापासून सहाला निघणार’ हा निश्चय चार दिवस टिकतो, कारण तो मोडल्याचं कुणाला कळत नाही. पणजीहून फोंड्याला जाणाऱ्या सहकाऱ्याबरोबर एकाच गाडीतून जायचं ठरवा, किंवा कदंबची (गोव्याच्या सरकारी परिवहनाची) ठरावीक बस धरा. खाली गाडीपाशी माणूस उभा असला की फाइल आपोआप मिटते.

३. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी अशा ठिकाणी द्या, जिथे तुम्ही आला नाहीत तर कुणाचं तरी अडतं. जिमचं वर्षाचं शुल्क भरणं इथे कुचकामी. तुम्ही गेला नाहीत तर यंत्राला फरक पडत नाही. देवळातलं साप्ताहिक भजन, कला अकादमीतला गायन-वादनाचा वर्ग, शेजाऱ्यासोबत मिरामारच्या किनाऱ्यावर फेरी, यांतलं काहीही चालेल. गोव्यात सगळ्यात पक्कं बंधन म्हणजे जत्रेच्या नाटकाच्या तालमी. चौथा आला नाही तर तिघे मंडपात बसून राहतात आणि दुसऱ्या दिवशी बाजारात विचारतात. मात्र पहिल्याच वर्षी मोठी भूमिका घेऊ नका. जत्रा जवळ आली की तालीम मध्यरात्रीपर्यंत चालते, सकाळी कचेरीत डोळे मिटतात आणि घरचे सगळा दोष नाटकाला देतात. पहिल्या वर्षी प्रॉम्प्टिंग करा.

४. स्वयंपाक दोघांच्या मापावर आणा. हे सगळ्यात कठीण, कारण हात चौघांच्या मापाला सरावलेला असतो. पातेलं तेच, म्हणून भातही तेवढाच पडतो आणि उरलेला तीन दिवस आपणच संपवतो. आधी मोठं पातेलं माळ्यावर टाका. तांदळाला छोटी वाटी ठेवा: एका वेळी दोघांना मिळून एक. पदेराला (दारावर येणाऱ्या पाववाल्याला) पावांचा नवा आकडा स्पष्ट सांगा, नाहीतर तो सवयीने दहा देऊन जाईल. नारळ फोडला की वाटण एकदम करा, अर्ध्याचं हुमण (माशांची आमटी), उरलेलं लगेच डब्यात घालून फ्रीझरमध्ये. आठवड्याभरात वापरा आणि एकदा वितळलेलं पुन्हा गोठवू नका. वाटणाची एक फेरी वाचते. वाचलेली संध्याकाळ ज्या हातांनी वाटण केलं त्यांचीच, तिथे ‘मग भजी कर ना’ म्हणायचं नाही. मासे आणणं-साफ करणं ज्याने आजवर केलं नसेल, त्याने ते आता उचलावं.

५. फोनची वेळ ठरवा. आठवड्यातून दोन निवांत फोन पुरतात. एरवी मेसेज करा, पण ‘जेवलास का’ दिवसातून एकदाच. मूल इंग्लंडला असेल तर आपले रात्रीचे नऊ म्हणजे तिथे उन्हाळ्यात दुपारचे साडेचार, हिवाळ्यात साडेतीन. वर्ग चालू असतो. उत्तर आलं नाही म्हणून घाबरून रात्रभर मोबाइल उशाशी ठेवला जातो, आणि त्याच मोबाइलवर कचेरीचा ग्रुपही असतो.

६. साठलेली रजा वापरा. सरकारी नोकरीत अर्जित रजा ३०० दिवसांच्या पुढे साठत नाही, हे ठाऊक असूनही ‘मुलं येतील तेव्हा घेऊ’ म्हणून ती राखली जाते. मुलं येतात चार दिवस. त्यांच्या येण्याशी संबंध नसलेली आठवडाभराची रजा वर्षातून एकदा घ्याच.

मुलांच्या खोलीचं लगेच काही करू नका, फक्त तिथे कामाचा लॅपटॉप नेऊ नका. एकदा टेबल मांडलं की ती खोली कचेरीची शाखा होते.

झोप उडाली, कशात मन लागत नाही, रडू येतं, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं, तर वेळापत्रक बदलून भागणार नाही. डॉक्टरांकडे जा. बायकांच्या बाबतीत पाळी जाण्याचा काळ नेमका याच वयात येतो आणि रात्रीचा घाम, चिडचिड ‘मुलांच्या आठवणी’च्या खात्यात जाते. थायरॉईडही तपासून घ्या. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि रात्रीही लागतो.

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मुलं आली की ही सगळी घडी मोडते. मोडू द्या. गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायची, करंज्या तळायच्या, मोठं पातेलं माळ्यावरून उतरवायचं. पण विसर्जन झाल्यावर ते पहिल्याच संध्याकाळी परत वर ठेवा आणि भजनाला जा. मुलं अजून घरात असली तरी. त्यांना तोवर मित्रांकडे जायचंच असतं.