एआय एजंटसाठी उत्पादन-यादीच्या टूलचे वर्णन कसे लिहावे

विक्रीच्या सॉफ्टवेअरमधील उत्पादनांची यादी देणारे टूल एआय एजंटच्या, म्हणजे स्वतः टूल वापरून काम करणाऱ्या एआय प्रणालीच्या, हाती द्यायचे असेल, तर प्रोग्रामरसाठी लिहिलेली एपीआयची (एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याकडून माहिती मागवण्याच्या सोयीची) माहिती जशीच्या तशी उचलून चालत नाही. प्रोग्रामर ती वाचतो, करून पाहतो, अडले तर सहकाऱ्याला विचारतो. एजंटला मात्र टूल कधी वापरायचे, त्यात काय भरायचे आणि आलेल्या उत्तराचा अर्थ काय लावायचा, हे मुख्यतः टूलचे नाव, वर्णन आणि इनपुटचा स्कीमा (काय व कोणत्या स्वरूपात भरायचे याचा आराखडा) एवढ्यावरूनच ठरवावे लागते. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुल्या केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्येही (एआय मॉडेलला बाहेरची टूल्स जोडण्याच्या मानकात) टूलची ओळख प्रामुख्याने याच गोष्टींतून होते. वर्णनात जे लिहिले नाही ते एजंट गृहीत धरतो, आणि चुकीचे गृहीतक ग्राहकाच्या कोटेशनमध्ये उतरते.

सुरुवात टूलच्या हद्दीपासून करावी. हबस्पॉट या विक्रीच्या सॉफ्टवेअरमध्ये कॅटलॉगमधील उत्पादन आणि एखाद्या डीलला, म्हणजे ग्राहकासोबतच्या एका सौद्याला, जोडलेली लाइन आयटम (त्या सौद्यातील वस्तूची ओळ) या दोन वेगळ्या नोंदी असतात. डीलमध्ये दर कमी करून दिला, तरी कॅटलॉगमधील दर बदलत नाही. म्हणून ‘हे टूल फक्त कॅटलॉग दाखवते; विशिष्ट डीलमधील वस्तू व त्यांचे ठरलेले दर यांसाठी लाइन आयटमचे टूल वापरावे’ हे वाक्य अगदी वर हवे. टूल कशासाठी नाही हे सांगणारे वाक्य बहुतेक वर्णनांत नसते, आणि माझ्या मते सर्वांत जास्त उपयोग त्याचाच होतो.

सर्वाधिक घोळ यादी अर्धवट मिळण्यातून होतो. हबस्पॉटच्या यादीत लिमिट (एका वेळी किती नोंदी हव्यात तो आकडा) दिले नाही, तर एका वेळी १० नोंदी येतात, कमाल १०० मागता येतात, आणि पुढच्या पानासाठी उत्तरात आलेले ‘आफ्टर’चे मूल्य पुन्हा पाठवावे लागते. हे न सांगितल्यास एजंट १० नोंदी पाहून ‘आपल्याकडे दहाच उत्पादने आहेत’ असे ठामपणे सांगून मोकळा होतो. वर्णनात स्पष्ट लिहावे: ‘उत्तरात आफ्टर असेल तर यादी अपूर्ण आहे, एकूण संख्या किंवा “हे उत्पादन नाही” असा निष्कर्ष सर्व पाने वाचल्याशिवाय देऊ नये.’ हीच सूचना टूलच्या उत्तरातही एका ओळीत द्यावी, कारण लांबलेल्या संभाषणात सुरुवातीचे वर्णन मागे पडते, ताजे उत्तर समोर असते. तसेच काही ठरावीक प्रॉपर्टीज (नोंदीतील माहितीचे रकाने) सोडल्या, तर न मागितलेल्या प्रॉपर्टीज उत्तरात येत नाहीत. कंपनीने एचएसएन कोडसाठी (जीएसटीसाठी वापरल्या जाणाऱ्या वस्तूच्या वर्गीकरण क्रमांकासाठी) स्वतःची प्रॉपर्टी केली असेल आणि ती मागितली नसेल, तर कोड दिसणार नाही. तो नोंदवलेला नाही, असा अर्थ त्यातून काढू नये, हेही लिहावे.

किमतीबाबत एक शब्दही मोघम ठेवू नये. सेल्सफोर्स या विक्रीच्या सॉफ्टवेअरमध्ये किंमत उत्पादनाच्या नोंदीत नसून प्राइस बुकमधील (दरांच्या यादीतील) नोंदीत असते, त्यामुळे एकाच वस्तूचे घाऊक आणि किरकोळ असे दोन दर असू शकतात आणि कोणत्या बुकातील दर हवा हे एजंटने वापरकर्त्याला विचारावेच लागते. स्ट्राइप या ऑनलाइन पेमेंटच्या सेवेमध्ये रुपयातील रक्कम पैशांत येते, म्हणजे १५०००० हा आकडा १,५०० रुपयांचा असतो. चलन, एकक, दर नगाचा की पेटीचा, जीएसटी धरून की वगळून, हे सारे किमतीच्या रकान्याच्या वर्णनातच सांगावे.

मराठी ग्राहकांशी बोलणाऱ्या एजंटसाठी शोधाची मर्यादाही नोंदवावी लागते. कॅटलॉगमध्ये ‘सबमर्सिबल पंप’ हे नाव रोमन लिपीत असते आणि शेतकरी ‘पाणबुडी मोटार’ मागतो. टूल अक्षरे जुळवून शोधत असेल, तर रिकामी यादी येणारच. अशा वेळी नाव कॅटलॉगच्या भाषेत व लिपीत बदलून पुन्हा शोधावे, असे लिहावे आणि नेहमीची पर्यायी नावे वर्णनात द्यावीत.

एकत्र केल्यावर वर्णन साधारण असे दिसेल: ‘कॅटलॉगमधील चालू उत्पादने दाखवते, नोंदींत बदल करत नाही. संग्रहित उत्पादने वगळलेली असतात. दर प्रति नग, रुपयांत, जीएसटी वगळून. साठ्याची माहिती मिळत नाही. रिकामी यादी म्हणजे दिलेल्या निकषांना काही जुळले नाही; परवानगी नसल्यास वेगळी त्रुटी येते.’ त्रुटीच्या संदेशात पुढे काय करायचे तेही असावे: ‘लिमिट १ ते १०० मध्ये द्यावे’ एवढे वाचून एजंट स्वतः दुरुस्ती करतो, नुसत्या ४०० या त्रुटीच्या क्रमांकावरून त्याला फारसे कळत नाही.

वर्णन तयार झाल्यावर ज्याला आधीचा काहीच संदर्भ नाही अशा नव्या संभाषणात ते तपासावे. ‘सर्वांत स्वस्त पंप कोणता’, ‘मागच्या डीलमध्ये काय दर लावला होता’, ‘दीड एचपीची पाणबुडी मोटार आहे का’ असे प्रश्न विचारावेत आणि उत्तराइतकेच एजंटने टूलला केलेले कॉल (टूलकडे पाठवलेल्या विनंत्या) पाहावेत: किती पाने वाचली, कोणत्या प्रॉपर्टीज मागितल्या, दुसरे टूल हवे तिथे हेच वापरले का. जिथे चूक दिसेल तिथे आधी वर्णनातील संबंधित वाक्य सुधारावे आणि तोच प्रश्न पुन्हा नव्या संभाषणात विचारून पाहावा.